तिवसवाडीचा बिनडोळ्याचा वाघ

तिवसवाडीचं शेवटचं घर संपतं आणि कारवीचं रान सुरू होतं, तिथे एक काळा धोंडा आहे. उंचीला माणसाच्या कमरेएवढा, वरून सपाट. माथ्यावर मधोमध ओंजळभर खळगा आहे आणि एका अंगाला वरून खाली उतरलेल्या चार खोल रेघा. खळग्यात बोट फिरवलं तर ते काळं होतं. रेघेत घातलं तर पहिल्या पेरापर्यंत आत जातं. धोंड्याला शेंदूर नाही, झेंडा नाही, नारळ फोडायची सोय नाही. गावात त्याला ओळखीचा धोंडा म्हणतात.

या गावात लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटं सोडून, एक वाघ गोंदतात. करंगळीएवढा. चार पाय, उचललेली शेपटी, पाठीवर तीन पट्टे, तोंड मिटलेलं. डोळा मात्र काढत नाहीत. काढायचा राहून गेला असावा असं वाटतं, पण मी त्या दिवशी गावातल्या निदान पंधरा बायकांचे हात पाहिले, आणि एकाही वाघाला डोळा नव्हता.

माझं लग्न होऊन सोळा दिवस झाले होते. आम्ही राहतो नाशिकला, पण सासऱ्यांचं मूळ गाव तिवसवाडी. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आधीच सांगून ठेवलं होतं की देवदर्शन झालं, पूजा झाली, आता फक्त वाघ राहिला. मी एका तपासणी केंद्रात रक्त काढायचं काम करते. रोज तीस-चाळीस जणांच्या हातात सुई घालते. त्यामुळे मला सुईचं भय वाटतं, हे कारण काही मला देता येईना.

नवऱ्याच्या दंडावर आधीपासून एक वाघ होता. शहरातल्या दुकानात चार तास बसून काढून घेतलेला. जबडा वासलेला, सुळे बाहेर, डोळे पिवळेजर्द. लग्न ठरायच्या आधी, पहिल्या भेटीतच, नवनाथनी बाही वर करून तो दाखवला होता आणि वाघ म्हणजे ताकद, वाघ म्हणजे कुणाच्या बापाला न भिणं, असं समजावून सांगितलं होतं. मी छान आहे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गावची गोंदणारी ठकाबाई. सत्तरीच्या पुढची, काटकुळी, कपाळावर तुळस गोंदलेली. धोंड्याशेजारी घोंगडीवर बसली होती. तिनं आधी माझा हात न धरता नवनाथांचा दंड धरला आणि तो वाघ लांबून, मग जवळून पाहिला.

"हा कुणाला खायला निघालाय?"

"ताकदीचं चिन्ह आहे, आजी."

"असंल. पण इतकं तोंड उघडून बसलाय, तर मिळालं का याला कुणी अजून?"

जमलेल्या बायका हसल्या. आत्याही हसल्या. नवनाथनी बाही खाली केली. मी धोंड्याकडे बघत राहिले, कारण सोळा दिवसांच्या बायकोनं अशा वेळी कुठे बघायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग ठकाबाईंनी पदर मागे सारला आणि मला त्यांचा डावा हात दिसला. मनगटाच्या वर तोच वाघ, बिनडोळ्याचा. त्या वाघाच्या वर मात्र ठिपके. हिरवेकाळे, बारीक, जाड, वाकडे, एकमेकांत मिसळलेले. कोपरापर्यंत, आणि कोपराच्या वर थेट पोलक्याच्या बाहीत शिरेपर्यंत. नक्षी म्हणावी तर त्यात कसलाही मेळ नव्हता. मला आधी कातडीचा काही आजार वाटला. माझ्या कामाची ती सवय आहे.

"हे काय हो आजी?" मी विचारलं.

"सांगते. बस आधी. काजळ खलायला वेळ लागतोच, तेवढ्यात होतंय सांगून."

आणि खळग्यात बोटानं काजळ खलत त्यांनी जे सांगितलं ते असं.

फार मागची गोष्ट आहे म्हणे. तेव्हा वाडीत कौलं नव्हती, सगळी घरं गवतानं शाकारलेली. गावात मथी नावाची गोंदणारी होती. हे काम ती आईकडून शिकली होती. तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधायच्या, एरंडेलाच्या दिव्यावर खापर धरून काजळ पाडायचं, आणि ते काजळ अंगावर पाजणाऱ्या बाईच्या दुधात खलायचं. पाण्यात खललेलं गोंदण विटतं, दुधातलं हिरवंगार राहतं, अशी तेव्हाची समजूत. म्हणून मथी करवंटी घेऊन बाळंतिणींच्या दाराशी जायची आणि चार थेंब मागून आणायची. कुणी नाही म्हणत नसे.

मग मथीला स्वतःलाच मुलगा झाला. तो नवव्या दिवशी गेला. नाव ठेवायचं राहिलं. नाव न ठेवलेल्या मुलासाठी फार रडायचं नाही अशी रीत होती, म्हणून ती रडली नाही असं सांगतात. नवरा, कोंडाजी, चौथ्या दिवशी कामावर गेला. पण दुधाला रीत ठाऊक नसते. छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण आली. बायका म्हणाल्या, खालच्या गावातून मोगऱ्याची फुलं आणून छातीवर बांध, दूध आटेल. मथीनं फुलं आणवली आणि तशीच टोपलीत वाळू दिली.

त्याच आठवड्यात ती गवताला वर गेली असताना तिला खड्डा दिसला. सावजासाठी गावानंच खणलेला. त्यात खाली वाघीण मरून पडली होती, आणि काठाशी करवंदीच्या जाळीत एक पिल्लू होतं. मांजराएवढं. त्याचे डोळे अजून उघडले नव्हते. ते आवाज काढत होतं, आणि तो आवाज ऐकून मथीची चोळी ओली झाली.

एवढं सांगून ठकाबाईंनी बोटावरचं काजळ खळग्याच्या काठाला पुसलं. जमलेल्या बायकांमध्ये एकीच्या कडेवर पोर होतं, ती उगाचच पोराचं टोपडं नीट करू लागली.

मथीनं पिल्लू या धोंड्यामागच्या कपारीत ठेवलं. दिवसातून चारदा यायची, पाजून जायची. पिल्लाचे डोळे पुढे दहाएक दिवसांनी उघडले, पण तोवर त्याची ओळख पक्की झाली होती. आई म्हणजे काय, हे त्यानं नाकानं शिकून घेतलं होतं. महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही. मग एकदा कोंडाजीला तिच्या अंगावरचे ओरखडे दिसले. तो तिच्या मागोमाग कपारीपर्यंत गेला, आणि आत वाकून बघून परत फिरला. दुसऱ्या दिवशी कपारीच्या तोंडाला बोराटीच्या काट्यांचा झाप लावलेला होता, कोल्हं शिरू नये म्हणून. या माणसाबद्दल आख्यायिकेत एवढंच आहे. पुढे तो तापात गेला.

पिल्लू वाढलं, रानात गेलं. मथीनं त्याला एक नाव दिलं होतं म्हणतात, बहुतेक बारशासाठी ठरवलेलंच. पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही, म्हणून कुणाला ठाऊक नाही. तिचं दूध आटलं नाही. आता तिला दारोदार करवंटी फिरवावी लागत नव्हती. आपल्याच दुधात ती काजळ खलायची. ती इथे धोंड्याशी बसली की कधी कधी वाघ यायचा, दहा हातांवर पाय पसरून पडायचा, आणि तिचं काम संपलं की उठून जायचा.

सगळं असंच राहिलं असतं तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण वाघ शेवटी वाघ. एका उन्हाळ्यात गावच्या हैबती पाटलाची सून झऱ्यावर गेली आणि आली नाही. तिची घागर सापडली, एक जोडवं सापडलं.

पाटलानं आसपासच्या वाड्यांना निरोप धाडले. चाळीस कुऱ्हाडी, चार ढोल, पौर्णिमेला हाकारा करायचा ठरला. मथीनं दार लावून घेतलं. तिचं एकच उरलं होतं आणि तेही मारायला गाव निघालं होतं. आणि गावाचं चुकतंय असं तिला म्हणता येत नव्हतं, कारण पाटलाची सून तिनंच गोंदली होती, तिच्या कपाळावरची चंद्रकोर मथीच्या हातची होती.

हाकाऱ्याला चार दिवस असताना शेजारची एक मुलगी धावत आली. ती झऱ्याच्या वाटेवर होती, वाघ समोरून आला, तिचे पायच उचलेनात. वाघानं तिच्या पदराला नाक लावलं आणि तो वासरासारखा खाली बसला. मग उठून निघून गेला. मुलीच्या अंगावर लुगडं होतं ते मथीनं दिलेलं, तिचं जुनं. त्याच्या पदराला दुधाचे डाग होते.

मथी तशीच पाटलाच्या दारात गेली. म्हणाली, तो वासानं ओळखतो. गावातल्या प्रत्येक बाईच्या अंगावर मी ओळख घालते. मला मुदत द्या.

पाटील वाईट माणूस नव्हता असं ठकाबाई दोनदा म्हणाल्या. त्यानं तिला सांगितलं, "माझ्या घरातलं माणूस गेलंय मथे, आणि तू दारात येऊन त्याच्यासाठी मुदत मागतेस." मग म्हणाला, "पोळ्यापर्यंत. पोळ्याच्या आत आणखी एक बाई गेली, तर त्याला मारीन आणि तुझं तोंड बघणार नाही."

"पण मग लुगडीच का नाही वाटली?" नवनाथनी मध्येच विचारलं. शहाणा प्रश्न होता.

"लुगडं धुतलं की गेलं. गोंदण मसणापर्यंत सोबत येतंय."

"आणि पुरुषांचं काय?" हे मी विचारलं. सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"पुरुष कुऱ्हाडी घेऊन जायचे, दहा-दहा मिळून," ठकाबाई म्हणाल्या. "एकटं पाण्याला, सरपणाला, गवताला कोण जातंय बये? वाघाची गाठ पडायची ती आपली."

तर मथी या धोंड्याशी बसली. पहाटे काजळ पाडायचं, इथे खळग्यात दूध पिळायचं, खलायचं, आणि दिवसाला एक बाई. प्रत्येकीच्या हातावर वाघ. पहिल्या बायकांचे वाघ वीतभर होते म्हणे, मिशांसकट. पाटलाच्या घरच्या बायका महिनाभर आल्या नाहीत. मग एक दिवस पाटलीण स्वतः आली, हात पुढे केला आणि मान दुसरीकडे वळवून बसली. मथीनं तिचा वाघ सगळ्यात नाजूक काढला.

आणि वाघ गोंदलेल्या बायकांना ओळखू लागला. वाटेत गाठ पडली तर थांबायचा, हवेत नाक उचलायचा आणि कडेला व्हायचा. "कसा, तर सासरा समोरून आला की सून कडेला होते ना, तसा," ठकाबाई म्हणाल्या, आणि आत्यांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

पण दूध कमी होत चाललं. इतक्या वर्षांचं दूध, ते किती पुरणार? मथीनं शतावरीची मुळं उकळून प्यायली, असतील नसतील ते तीळ खाल्ले. तरी खळग्यातला ओलावा रोज घटत गेला. तसे वाघही लहान झाले. वीतभराचे बोटभर झाले, मिशा गेल्या, नखं गेली, पाच पट्ट्यांचे तीन राहिले. आषाढ सरता सरता शेवटची बाई झाली. मथीनं करवंटी पालथी घातली आणि विचारलं, कुणी राहिलं का?

कुणी नाही, बायका म्हणाल्या.

त्यानंतर दोनच दिवसांनी गावात एक सून आली. घाटापलीकडची, रुंजी नावाची. पावसात कसलं लग्न म्हणायचं, पण काही अडचण असेल, झालं होतं. रुंजीला इथल्या वाटा ठाऊक नव्हत्या, माणसं ठाऊक नव्हती, आणि वाघाला ती ठाऊक नव्हती. मथीनं तिला धोंड्याशी आणून बसवलं. गाव भोवती जमा झालं. मथीनं या अंगाचं पिळलं, त्या अंगाचं पिळलं. असं सांगतात की शेवटी दुधाबरोबर रक्त आलं, आणि तेही तिनं खळग्यात पडू दिलं.

शेपटी झाली, पाय झाले, तीन पट्टे झाले, तोंड झालं. डोळ्याशी येऊन काजळ संपलं. खळग्यात सुई फिरवली, काही लागेना.

"डोळा राहिला की," रुंजी म्हणाली. नवी नवरी, पण तेवढं बोलली.

"राहू दे," मथी म्हणाली. "त्यानं मला तरी कुठं डोळ्यानं ओळखलं होतं?"

मग सुई पुसत तिनं पुन्हा विचारलं, आता कुणी राहिलं का? सगळ्यांनी आपापले हात पुढे केले. एकमेकींचे वाघ पाहिले. म्हाताऱ्यांनी दाखवले, पोरींनी दाखवले, पाटलिणीनं दाखवला. कुणी नाही, असं सगळ्या मिळून म्हणाल्या. रुंजीही म्हणाली, तिचा हात ठणकत होता तरी.

"आणि मथीचा हात?" मी विचारलं.

ठकाबाईंनी खलणं थांबवलं. "पंगतीत वाढणारणीला कुणी विचारतंय का, तू जेवलीस का म्हणून? पंगत उठली की उठली. तसं झालं. तिनं सगळ्यांच्या अंगावर ओळख घातली आणि तिच्या स्वतःच्या हातावर काहीच नव्हतं. तिलासुद्धा ते सुचलं नाय. तिला वाटलं, मी तर आई."

आता यापुढचं रुंजीनं सांगितलेलं आहे, कारण तिथे ती एकटीच होती.

पोळ्याला दहा दिवस होते. पाऊस धरून होता. रुंजीचा हात सुजला होता, पिकला होता, म्हणून मथी जखमेवर बांधायचा पाला आणायला वर निघाली. रुंजी म्हणाली, मला पाला ओळखायला शिकव, मीही येते. दोघींच्या अंगावर इरली होती. इरलं म्हणजे कामट्यांचं आणि पळसाच्या पानांचं, डोक्यापासून पाठीवरून खाली गुडघ्यापर्यंत येतं. बाई वाकली की माणूस दिसत नाही. रानात एक कुबड हलताना दिसतं.

वाघ रुंजीच्या समोर आला. तिनं त्याला पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं तिच्या सुजलेल्या हाताला नाक लावलं, आणि त्याचा श्वास तिला जखमेवर गार लागला. मग तो तिच्या अंगाला घासून पुढे गेला. पुढे वीसेक हातांवर मथी वाकलेली होती, पाला खुडत. रुंजीला आता कसलीच भीती उरली नव्हती. उलट तिला वाटलं, माय-लेकांची भेट बघायला मिळणार.

पाऊस चालू होता. मथीचं दूध आटून पंधरा दिवस झाले होते.

रुंजी हाक मारीपर्यंत झालं होतं.

ती धावत गेली. वाघ दोन पावलं मागे सरून उभा होता, नाक उचलून. मथीच्या मानेतून रक्त जात होतं पण शुद्ध होती. रुंजीला वाटलं पाणी मागेल. मथी म्हणाली, "झाक मला. लवकर झाक. त्याला कळता कामा नये."

रुंजीनं तिचं इरलं तिच्यावर ओढलं, वरून आपलं इरलं काढून घातलं, आणि पावसात उघडी त्यावर आडवी पडली. वाघ जवळ आला. त्यानं रुंजीला डोक्यानं बाजूला सारलं, हळूच, जसं वासरू आड आलेल्या माणसाला सारतं. मग पहिलं इरलं सारलं. मग दुसरं. पायापासून हुंगत वर आला. काजळानं काळी झालेली बोटं हुंगली. छातीशी आला आणि तिथे थांबला. फार वेळ थांबला, असं रुंजी म्हातारपणी सांगायची. पाऊस पडत होता आणि तो तिथेच नाक लावून उभा होता.

मग त्यानं जो आवाज काढला तो खाली वाडीपर्यंत गेला. ती डरकाळी नव्हती. कपारीतल्या पिल्लाचा आवाज ज्यांनी कधी ऐकला नव्हता त्यांनाही तो कशाचा आहे ते कळलं, असं म्हणतात.

पाटील कुऱ्हाडी घेऊन वर आला तेव्हा, आवाजाच्या रोखानं धावलेल्या बायकांनी मथीला झोळीत घालून इथे धोंड्याशी आणलं होतं आणि वाघ झोळीमागोमाग चालत आला होता. त्यानं धोंड्यावर पंजा मारला. एकदाच. त्या या चार रेघा. मग तो कपारीच्या तोंडाशी बसला. चाळीस माणसं त्याच्याभोवती उभी होती, त्यानं एकाकडेही पाहिलं नाही. कुणीतरी कुऱ्हाड उचलली. पाटलानं त्याचा हात धरला आणि म्हणाला, "याला आता आणखी काय मारायचं?"

वाघ तिथून हलला नाही. बायकांनी त्याच्यापुढे कोंबडी सोडली, ती त्याच्या पायांतून फिरून परत गेली. पाणी ठेवलं, ते पावसानं भरून वाहिलं. पोळ्याच्या दिवशी, खाली बैलांच्या घुंगरांचा आवाज सुरू झाला तेव्हा, तो गेला. पाटलाची मुदत त्यानं पाळली असं गाव म्हणतं. त्याला मथीच्या शेजारी पुरलं. कुठे, ते सांगत नाहीत.

रुंजीचा हात बरा झाला. तिच्या वाघाचा डोळा मात्र कुणी भरला नाही, आणि भरायला कुणी उरलंही नव्हतं. तीन सुया कशा बांधतात हे जवळून पाहिलेली ती एकटीच, म्हणून पुढे तीच गोंदणारी झाली. वर्षभरानं गावात नवी सून आली. रुंजीनं बाळंतिणीकडून चार थेंब मागून आणले, आपल्या हातावर होता तसाच वाघ काढला, तेवढाच, बिनडोळ्याचा. सुई पुसली आणि मथीच्या सवयीनं विचारलं, कुणी राहिलं का?

कुणी नाही, नवी सून म्हणाली.

रुंजी उठेना. सुई हातात धरून तशीच बसून राहिली. बायका म्हणाल्या, चल. उठेना. तिन्हीसांजा व्हायला आल्या. शेवटी त्या नव्या सुनेनं, कशी कोण जाणे, रुंजीच्या हातातून सुई काढून घेतली, खळग्यात बुडवली, म्हणाली, "तू राहिलीस," आणि रुंजीच्या हातावर एक ठिपका टोचला. तेव्हा रुंजी रडली, आणि मग घरी गेली.

"तो पहिला ठिपका," ठकाबाई म्हणाल्या. "तेव्हापासून प्रत्येक सून टोचते. गोंदणारीला कोरडं सोडायचं नाही."

त्यांनी हात माझ्यापुढे धरला. आत्या पुढे वाकल्या आणि वाघाजवळच्या एका जाड, फुटलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा माझा. एकतीस वर्षं झाली. रक्त बघून मी सुईच सोडून दिली होती."

"आठ दिवस ठणकत होता माझा हात," ठकाबाई म्हणाल्या. "हिचा बाप बी तसाच भित्रा."

मग माझा वाघ झाला. सुई नवी होती, माझ्यासमोर उकळलेली. मी न मागता त्यांनी पाकिटाचा कागद मला दाखवला. दूध आता काजळात घालत नाहीत, दवाखान्यातली नर्स रागावते म्हणून. कडेवर पोर असलेल्या त्या बाईनं चार थेंब फक्त धोंड्यावर पिळले, पाठ करून, आणि पदर सारखा केला. पाऊण तास लागला. नवनाथ समोर बसून बघत होते. एरवी त्यांच्या वाघाला किती वेळ लागला, किती दुखलं, हे ते सगळ्यांना सांगतात. त्या दिवशी नाही सांगितलं.

डोळ्याशी येऊन ठकाबाईंची सुई थांबली. त्यांनी ती पुसली, आणि आवाज जरा बदलून, माझ्याकडे न बघता, रानाकडे बघत विचारलं, "कुणी राहिलं का?"

आता मी सगळी गोष्ट नुकतीच ऐकली होती. काय म्हणायचं ते मला कळलेलं होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "कुणी ना..." आणि मी थांबले. कान तापले माझे. कुणी हसलं नाही.

"तुम्ही राहिलात, आजी," मी म्हणाले.

"तू म्हणायचं," आत्या हळूच म्हणाल्या. "इथे तूच म्हणायचं."

"तू राहिलीस."

ठकाबाईंनी सुई माझ्या हातात दिली. जागा शोधावी लागली. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे मी लोकांची शीर शोधते, तिथे गव्हाएवढी मोकळी कातडी होती. रोज तीस-चाळीस जणांना मी न थरथरता टोचते. इथे मात्र ठिपका सरकला.

"वाकडा आला," मी म्हणाले.

"येऊ दे. यात सरळ एकबी नाय."

तिवसवाडीच्या रानात तीन पिढ्यांत कुणी वाघ पाहिलेला नाही. झऱ्याचं पाणी नळानं घरात आलंय, सरपणाला कुणी जात नाही. पण आजही तिथे नव्या सुनेच्या हातावर वाघ काढतात आणि डोळ्याशी येऊन थांबतात. आजही सुई खाली ठेवायच्या आधी गोंदणारी विचारते, कुणी राहिलं का. आणि ठकाबाई सांगतात, इतकी वर्षं झाली, गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी आजही प्रत्येक सुनेच्या तोंडात आधी येतं ते 'कुणी नाही' हेच.